एकट्याची सही

भालेराव सुभेदारांना रडगाणं ऐकवत नसे, आणि सगळ्या मरोळमधली रडगाणी नेमकी त्यांच्याच केबिनमध्ये यायची. केबिन म्हणजे आमच्या कारखान्याच्या गेटला चिकटलेली पत्र्याची खोली. आत एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन स्टुलं आणि कामगारांनी कार्डं पंच करायचं घड्याळ. सुभेदार तिथं सिक्युरिटी ऑफिसर होते आणि मी वरच्या मजल्यावर टायपिस्ट. गिरण्यांच्या संपानंतरची ती पाच-सहा वर्षं. संपातून बाहेर पडलेली निम्मी माणसं तेव्हा अंधेरीपासून दहिसरपर्यंत कुठल्या ना कुठल्या गेटवर काम मागत फिरत होती, त्यामुळे केबिनला उसंत अशी नसायचीच.

फौजेत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली, पण बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. ते क्लार्क. शेवटी पलटणीचे हेडक्लार्क झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे साताऱ्याकडचे, माणदेशातले. राहायला दहिसरला, नदीच्या अंगाच्या एका चाळीत. घरी बायको, तेव्हा लग्नाला आलेल्या दोन मुली आणि भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नाही, आणि तरी गेटवर गोंधळ कधी झाला नाही.

दुपारी साडेबाराला भोंगा झाला की डबा उघडायच्या आधी ते बूट पुसायचे. मग भाकरी, मुठीनं फोडलेला कांदा आणि जे कालवण असेल ते. बरोबर बारा मिनिटांत जेवण आटपायचे, कारण एक वाजेपर्यंतचा उरलेला वेळ त्यांच्या खऱ्या कामाचा असायचा. सुट्टीवर आलेले जवान त्या वेळात गेटवर यायचे. घाटकोपरचा, मुलुंडचा, एखादा पार माहुलहून. कुणाची बढती अडलेली, कुणाच्या रजेचा घोळ, कुणावर वरिष्ठाचा डूख. एकानं दुसऱ्याला सांगितलेलं असायचं की मरोळला एक सुभेदार बसतात, ते अर्ज लिहून देतात.

फौजेतल्या माणसाला तक्रार करताच येत नाही, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. माझीही होती. एकदा मी तसं म्हटलं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

"कायद्यात लिहिलंय, बाई. करता येते. कशी करायची ते मात्र कुणी सांगत नाही."

मग त्यांनी सांगितलं. आधी कंपनीच्या साहेबांना भेटायची परवानगी मागायची. तिथं भागलं नाही, तर पलटणीचे प्रमुख, म्हणजे सीओसाहेब. तिथंही नाही, तर लेखी अर्ज, तो पायरी पायरीनं वर जातो, अगदी सेनाप्रमुखांपर्यंत. ज्या साहेबाविरुद्ध तक्रार, त्याच्यावरच्या साहेबाकडे दाद मागायची, पण पायरी चुकवायची नाही. आणि प्रत्येकानं आपापलं सांगायचं. दुसऱ्याच्या वतीनं नाही, दुसऱ्याबरोबर नाही.

समोर बसलेल्या जवानानं तोंड उघडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "रडगाणं नको. तारीख सांग." दुसरं वाक्य, "कुणी पाहिलं?" आणि तिसरं, ज्याला भलेभले अडखळायचे, "मागणी काय?"

मुलुंडचा एक धिप्पाड हवालदार आठवतो. त्याच्या साहेबानं चारचौघांत नको ते बोलून त्याचा अपमान केला होता. अर्धा तास तो तेच सांगत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. सुभेदार शांतपणे म्हणाले, "मागणी काय?" तो रुमाल शोधू लागला. "साहेबाची बदली पाहिजे? माफी पाहिजे? का नुसतं कुणीतरी ऐकायला पाहिजे?" हवालदारानं मान खाली घातली. म्हणाला, "ऐकायलाच पाहिजे होतं, साहेब." सुभेदारांनी त्याला महिन्याच्या दरबारात उभं राहून बोलायला सांगितलं, म्हणजे सगळ्या पलटणीसमोर सीओसाहेब जवानांचं ऐकतात त्या बैठकीत. कागद काही केला नाही. तो गेल्यावर मला म्हणाले, "ज्याला काही मागायचं नाही त्याचा अर्ज लिहिला, तर त्याचंच वाटोळं होतं."

अर्ज इंग्रजीत लागायचा, म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच अर्जात मी सवयीनं 'अत्यंत नम्रपणे पायांशी विनंती' छापाची दोन वाक्यं घातली. त्यांनी पट्टी लावून ती खोडली. "हा भीक मागत नाही, हक्क मागतोय. आणि हक्क मागणाऱ्यानं शिवी पण द्यायची नाही." 'अन्याय', 'छळ', 'जुलूम' हे शब्द त्यांना चालत नसत. काय झालं ते लिहायचं, त्याला नाव वरच्या साहेबानं द्यायचं. तीन प्रती. पिना नाहीत, हिरव्या दोरीचा टॅग. शेवटी जवानाला तो अर्ज मोठ्यानं वाचायला लावायचे. इंग्रजी येत नसेल, तर मी मराठीत सांगायची आणि त्यानं मान डोलावली की मगच सही.

खुद्द कारखान्यातही त्यांनी ही पद्धत सोडली नाही. केबिनचा पत्रा गळायचा. कुणीही सरळ मालकाला सांगितलं असतं, मालक रोज गेटवरूनच तर जायचा. सुभेदारांनी अर्ज केला सुपरवायझरकडे. मग स्मरणपत्र. मग दुसरं. दोन पावसाळे छत्री उघडून बसले, पण पायरी ओलांडली नाही. आम्ही ऑफिसातल्या बायका पोट धरून हसायचो. तिसऱ्या पावसाळ्याआधी पत्रा बदलला, तेव्हा त्यांनी आभाराचंही पत्र त्याच मार्गानं पाठवलं.

त्यांच्या या हट्टाची किंमत मला कळली ती विलास परबच्या वेळी.

विलास दहिसरचाच, सुभेदारांच्या शेजारच्या चाळीतला. लान्सनाईक. बारा वर्षं नोकरी झालेली. पेन्शनला पंधरा लागतात. वडील भिकाजी परब, गिरणीत साचेवाले, संपात नोकरी गेली आणि आता चेकनाक्याजवळ एका गोडाऊनवर वॉचमन. विलास रजेवर आलेला असताना त्याची आई चाळीच्या जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानं रजा वाढवून मागणारी तार केली. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे होकार, असं धरून तो बारा दिवस जास्त राहिला. परत गेला तेव्हा शिक्षा झाली आणि नोकरीच्या कागदात लाल शाईची नोंद पडली. जवानीतल्या उनाडपणाच्या तीन लाल नोंदी आधीच होत्या. चौथी म्हणजे घरी. तशी नोटीसही हातात पडली, महिन्यात उत्तर द्या म्हणून. दहा दिवसांची सुट्टी मिळवून तो आला, आणि बापलेक दोघं एका दुपारी केबिनमध्ये उभे राहिले. मी खाली मस्टर द्यायला गेले होते, सुभेदारांनी मला थांबवून घेतलं.

परबांच्या हातात कागदाची गुंडाळी होती. ती त्यांनी टेबलावर उलगडली.

"चाळीतल्या सगळ्यांनी सयो केल्यानी, सुभेदारानू. एकशे बारा. आनी ह्ये दोघे बगा, ह्येच्याच पलटणीतले, रजेर इलेत. तेंचीव सय घेतलंय."

सुभेदारांनी कागदाला हात लावला नाही. "हे कुठं पाठवलं का?"

"काल एक प्रत रजिस्टर केलंय. मंत्र्याक."

"विलासला विचारलंत?"

"झिलाक कित्याक विचारूचा? बापूस मी."

विलासला हे तिथंच कळलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"परब, फौजेत एक माणूस तक्रार करतो. दोघांनी मिळून केली की तिला तक्रार म्हणत नाहीत, बंड म्हणतात. मंत्र्याकडून दबाव आणला, तर तो वेगळा गुन्हा. तुम्ही पोराला वाचवायला गेलात आणि आणखी दोघांना त्याच्याबरोबर उभं केलंत."

परब चिडले. त्यांचा संताप मला आजही रास्त वाटतो. "माका कायदो शिकवू नकात! गिरणीत एकटो बोललो तो मेलो. आमी सगळे मिळान उभे रवलो म्हणान मान ताठ रवली."

"खरं आहे," सुभेदार म्हणाले. "वर्षभर चूल पेटत नव्हती तरी तुम्ही हटला नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते बळ खोटं नाही. पण इथं ते चालत नाही. गिरणीत एकटा बोलला तो मेला. फौजेत दोघं बोलले ते मेले."

मग सुभेदारांनी विलासच्या रजेचा कागद मागितला. रजेवर असताना राहायचा पत्ता त्यात लिहिलेला असतो. तो त्यांनी बोट ठेवून वाचला. मालवण तालुक्यातलं गाव.

"तिथं कोण असतं?"

"कोणी नाही," विलास म्हणाला. "घर बंद असतं. गणपतीला, शिमग्याला उघडतो."

"मग हा पत्ता का दिलास?"

"सर, पत्ता विचारला म्हणून... गावचाच देतो ना आपण."

मी मान खाली घातली. माझं सासर देवगडचं. आम्ही पेडणेकर तीन पिढ्या मुंबईत आहोत आणि आजही कुठल्याही फॉर्मवर आमचा पत्ता म्हणजे गावच. रेशनकार्डावर नाइलाजानं अंधेरी लिहिलं तेव्हा सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. विलासनं केलं ते कोकणातल्या कुणीही केलं असतं. पलटणीनं तारेचं उत्तर दिलं होतं. ते गेलं बंद घरी. 'रजा वाढवली नाही, ताबडतोब हजर व्हा.' पोस्टमननं दाराच्या फटीतून आत सरकवलेली ती तार घर उघडायला गेलेल्या चुलत्यानं पुढं कधीतरी पाकिटात घालून दहिसरला धाडली होती. विलासनं ती खिशातून काढली.

"ही अर्जाला जोडायची," सुभेदार म्हणाले.

परब पुन्हा उसळले. "ह्या कागदान तर झील बुडतलो!"

"लपवला तर बुडेल. आपली चूक आधी लिहायची, ती पण आपल्या हातानं. मग वरचा माणूस पुढचं वाचतो."

आता प्रश्न होता मंत्र्याकडं गेलेल्या कागदाचा. सुभेदारांचं म्हणणं, परबांनी स्वतः लिहून द्यावं की हे मी मुलाला न सांगता केलं. परब म्हणाले, "मी माफी मागूचंय नाय. संपात मालकाकडे मागूक नाय, थय खय मागतलंय?" आणि ते उठून दारापर्यंत गेलेसुद्धा. तेव्हा तोवर गप्प असलेला विलास बोलला.

"बाबा, नोकरी माझी आहे."

एवढंच. आवाज चढवून नाही. परब दारात थांबले. परत येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "कागद द्या."

त्यांनी मराठीत लिहिलं, जाड अक्षरात, एकेक शब्द जिभेवर घोळवत. सुभेदारांनी मजकूर सांगितला नाही. फक्त एकदा विचारलं, "त्या दोन जवानांना काय लिहिलंय ते वाचायला दिलं होतंत?" परब थांबले. "खरा सांगूचा तर, वाचूक दिलंय नाय. 'सय कर' म्हटलंय, तेंनी केली." "मग तेही लिहा." त्यांनी लिहिलं. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. साठीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस एकशे बारा सह्यांच्या कागदाशेजारी बसून आपली एकट्याची सही करत होता, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. मी मस्टर उचललं आणि वर गेले.

विलासचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी टाइप केला. दीड पान. आधी स्वतःची चूक, मग हॉस्पिटलच्या कागदाची तारीख, मग शिक्षेच्या वेळी तो कागद पुढं केला असता पाहिला गेला नाही ही गोष्ट, कोण हजर होतं त्यांची नावं. शेवटी मागणी. शिक्षेचा फेरविचार व्हावा, नोटीस मागं घ्यावी. सोबत ती तार आणि परबांनी लिहिलेला कागद. विलास तो घेऊन पलटणीत गेला आणि ज्यांनी शिक्षा दिली त्याच सीओसाहेबांच्या हातात त्यानं तो दिला, कारण वर जायची पायरी तीच होती. पोहोच मागितली. ती मिळाल्याचं कार्ड सुभेदारांना आलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. "गेला वर," म्हणाले.

मग सात महिने काही नाही. नोटिशीवरचा निर्णय थांबला होता, एवढंच कळलं. परब दर रविवारी सुभेदारांच्या घरी चौकशीला जायचे आणि सुभेदार दर रविवारी म्हणायचे, "वाट बघा."

आठव्या महिन्यात परब पेढ्यांचा पुडा घेऊन गेटवर आले आणि मलाही खाली बोलावलं. शिक्षा कमी झाली होती. लाल नोंद जाऊन साधी काळ्या शाईची नोंद राहिली होती आणि नोटीस रद्द. विलासची नोकरी राहिली, आणि त्या दोन जवानांनाही काही झालं नव्हतं. परबांनी पेढा सुभेदारांच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, "प्रत्येक पलटणीत तुमच्यासारखो हेडक्लार्क व्हयो होतो. एकाचावर अन्याय झालो नसतो."

सुभेदारांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"मी होतो ना, परब. मी असताना झालाय."

ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खरात नावाचा एक शिपाई होता, सांगोल्याकडचा. एका साहेबानं त्याला परेडवर मारलं. खरातनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, आणला आणि हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. साहेब येऊन नुसतं म्हणाले, 'रहने दो कुछ दिन.' "हुकूम नव्हता तो," सुभेदार म्हणाले. "हुकूम असता, तर मी लेखी मागितला असता. नुसतं म्हणाले, आणि मी ड्रॉवर उघडून अर्ज आत ठेवला. चार महिने. तोवर खरातला दुसऱ्याच कारणानं घरी धाडलं. पेन्शन नाही, काही नाही. मग तो अर्ज वर पाठवण्यात अर्थ राहिला नाही."

सुभेदारांबद्दल मला त्या क्षणी राग आला होता, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं मी ज्यांच्या शब्दाला प्रमाण मानून टाइप करत होते, त्यांनी हे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडं हातानं लिहिलेलं दीड पान आणलं. माजी शिपाई खरात यांचा अर्ज. तक्रार तत्कालीन हेडक्लार्क भालेराव यांच्याविरुद्ध, अर्ज दडवून ठेवल्याबद्दल. तारखा, ड्रॉवर, सगळं. साहेबांचं बोलणं तेवढं त्यात नव्हतं. मी त्यांच्या नावाआधी 'श्री' टाइप केलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं.

"तुम्ही स्वतःच कळवा ना वर," मी म्हटलं.

"माझं निवेदन मी कालच पोस्टात टाकलं. पण ते माझं म्हणणं. तक्रार त्याची. त्याच्या सहीशिवाय ती तक्रार होत नाही."

"आणि तुमची पेन्शन बंद झाली तर?"

"मुलींची लग्नं झाली," ते म्हणाले आणि टॅग बांधू लागले.

चार दिवसांची रजा काढून ते सांगोल्याला जाऊन आले. कागद सहीविनाच परत आला. खरातनं ओळखलं, चहा दिला, पोरगी दहावीला आहे म्हणून सांगितलं. कागद मुलीकडून दोनदा वाचून घेतला. मग घडी करून परत दिला आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, राहू द्या काही दिवस."

"असंच म्हणाला?" मी विचारलं.

"असंच. साहेब काय म्हणाले होते ते त्याला माहीत असायचं कारण नाही."

पुढच्या वर्षी आमचा कारखाना वसईला हलला आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या शनिवारी दुपारी बाहेर पडले, तर सुभेदार बसस्टॉपवर उभे. बूट चकचकीत, काखेत रेक्झिनची पिशवी. बोरिवलीहून रात्रीची एसटी धरायची होती.

"कितवी खेप?" मी विचारलं.

"चौथी."

"आणि या वेळीही नाही म्हणाला तर?"

"तर पुन्हा जाईन. त्याचा अर्ज माझ्याकडं चार महिने पडून होता, बाई. माझा त्याच्याकडं कितीही दिवस पडू दे."

बस आली. त्यांनी आधी एका म्हातारीला वर चढू दिलं, मग स्वतः चढले आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.